सुरुंगांची वही

पुतळाबाईला लिहिण्याचा नाद होता. नाद म्हणजे कथाकवितांचा नव्हे, नोंदींचा. बावीस वर्षं तिनं शिरवंड्याच्या बौद्धवाडीत अंगणवाडी चालवली. कुठल्या पोराचं वजन कधी किती भरलं, कुणाला कुठल्या दिवशी डोस पाजला, कोण तापानं आलं नाही, सगळं निळ्या पेनानं, एकही ओळ न सोडता लिहिलेलं. पुढं सरकारनं मोबाईल दिला, माहिती त्यात भरायला सांगितली, तरी हिची वही काही सुटली नाही. सुपरवायझर मॅडम म्हणायच्या, "पुतळाबाई, आता वह्या कशाला?" तर ही म्हणे, "मोबाईल चार्जिंगला लावायला लागतो, वहीला न्हाय लागत." अशा बाईच्या हातात कुणी कोरी वही देऊन 'यात रोज लिहा' म्हटलं, तर ती किती जीव लावून लिहील ते वेगळं सांगायला नको. तशी वही तिला एका माणसानं दिली, आणि त्या वहीनंच तिला आपल्या माणसांतून उठवलं.

शिरवंडे पालीपासून रिक्षानं वीस मिनिटांवर. गाव वरच्या अंगाला, वाडी खाली, मधे भाताची खाचरं. वाडीच्या पाठीमागं डोंगर, आणि त्या डोंगराला सात-आठ वर्षांपासून कमलेशशेठची दगडखाण पोखरत होती. लोक तिला क्वारी म्हणत. दुपारी बार उडायचा, म्हणजे दगडात ठासलेला सुरुंग. मांडणीवरची भांडी खणखणायची, भिंतीचे पोपडे पडायचे, धूळ वाळवणावर बसायची. तेवढं वाडीनं सोसलं. विहिरीचं मात्र सोसवत नव्हतं.

ही विहीर वाडीची स्वतःची. गावच्या विहिरीवर यांच्या आज्यांना पाणी भरू देत नसत. धर्मांतर झालं आणि चार-पाच वर्षांत वाडीतल्या माणसांनी पहारी घेऊन आपल्या हातांनी ही खोदली. सत्तरी ओलांडलेले रामजीबाबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते. मातीच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्याचं ते अजून सांगतात, आणि सांगताना मान ताठ करतात. तीस फुटांवर पाणी, भर मे महिन्यातही हंडा बुडेल एवढं. क्वारी आल्यापासून तिच्या बांधाचे दगड सुटायला लागले होते. एखाद्या मोठ्या बारासरशी विहीर जाणार, ही वाडीची धास्ती. दोनदा अर्ज झाले. कमलेशशेठ हसून म्हणाला, "बार लहान असतात हो आमचे. मोठे असतात म्हणता, तर पुरावा आणा."

पुरावा आणायचा कुठून? बार उडतो आणि विरतो, त्याला काय मुठीत धरून ठेवायचं?

त्याच सुमाराला, डिसेंबरात, निकेत वाडीत आला. तिशीचा, चष्मेवाला, बोलायला गोड. मोठ्या शहरातल्या कुठल्याशा संस्थेत जमिनीच्या पोटाचा अभ्यास करायचा. रेवदंड्याच्या किनाऱ्यापासून थेट घाटमाथ्यापर्यंत एका ओळीत अकरा यंत्रं पुरायची होती. दहा पुरून झाली होती. अकरावं त्याला पुतळाबाईच्या अंगणात हवं होतं.

आता बघा, बाकीच्या दहा ठिकाणी ह्या गृहस्थानं निवांत जागा शोधल्या होत्या. कुठं नारळी-पोफळीची वाडी, कुठं बंद पडलेली शाळा. यंत्र फार हळवं, कुणी बाजूनं चाललं तरी त्याला कळतं, म्हणून शांतता पाहिजे, असं तोच सांगत होता. आणि इथं मात्र क्वारीच्या नाकासमोरचं अंगण पसंत केलं. कुणालाही शंका यायला हवी होती. पण माणूस आशेवर असला की शंका घ्यायचं विसरतो, आणि पुतळाबाईला वाटलं, आपली दैना ऐकूनच हा आलाय.

वाडी मात्र बिथरली. मोजणीवाले येतात, खुणा करतात आणि मग जमिनी जातात, हे आजूबाजूला सगळ्यांनी पाहिलेलं. विहारात बैठक बसली. पुतळाबाईची जाऊ बायजा, जिभेला हाड नसलेली बाई, तिनं निकेतला उभं केलं. "ह्या तुझ्या डब्यात उतरतं काय?"

निकेत म्हणाला, "इथं जे जे हलेल ते सगळं उतरतं. लांबचे भूकंप उतरतात, रस्त्यावरचा ट्रक उतरतो."

"आणि क्वारीचा बार?"

"तोसुद्धा. किती वाजता उडाला, किती हादरा बसला, सगळं."

"मग मागितलं तर आमाला दावशील?"

"हो. का नाही?"

हे वाक्य विहारात चाळीस माणसांनी ऐकलं. पुतळाबाई उठली आणि म्हणाली, "ह्यो आपला साक्षीदार हाय. माझ्या अंगणात राहूदे. काय झालंच तर मी हाय." नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी प्रांजली लग्न होऊन पनवेलला, बाईमाणूस एकटी, पण वाडीत तिचा शब्द चालायचा. रामजीबाबांनी मान हलवली आणि बैठक उठली.

चार फूट खड्डा खणून, खाली सिमेंटचा ओटा करून त्यावर यंत्र बसवलं. वर पत्र्याचं झाकण, बाजूला सौरऊर्जेची पाटी. निकेतनं पुतळाबाईला दोनशे पानी वही दिली. क्वारीचा बार उडाला की तारीख, वेळ, आणि भांडी वाजली की नुसत्या खिडक्या थरथरल्या, ते लिहायचं. वेळ मोबाईलवर बघून, शक्य तर सेकंदासकट. यंत्राचं घड्याळ कधी बिघडलं तर ताळा लावायला बरं, असं तो म्हणाला. पुतळाबाईनं पहिल्याच दिवशी पट्टीनं रकाने आखले.

दर महिन्याला निकेत यायचा, यंत्रातली नोंद काढून न्यायचा आणि जेवायला तिच्याकडंच थांबायचा. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कधी रेवदंड्याहून आणलेल्या सुकटीची चटणी. मावशी, मावशी करत मागं-मागं फिरायचा. हिलाही बोलायला माणूस मिळालं. एकदा तिनं विचारलं, "जमिनीखालचं तुला दिसतं कसं रे? खणत तर न्हाईस."

त्यानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि समजावून सांगितलं. कुठं मोठा भूकंप झाला की त्याच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून चहूकडं जातात. घट्ट दगडातून भरभर, तापून मऊ झालेल्यातून रमतगमत. एका थरातून दुसऱ्यात शिरताना वळतात, काही आपटून माघारी येतात. कुठल्या यंत्रापर्यंत लाट किती वेळात पोचली ते जुळवलं की आत काय दडलंय त्याचा अंदाज येतो. "जपानकडं जमीन हलली ना मावशी, की दहा मिनिटांत ती लाट तुमच्या अंगणाखाली येते. तुम्ही भात शिजवत असता, तुम्हाला पत्ताच नसतो."

पुतळाबाईनं त्याच्या ताटात आणखी बिरडं वाढलं. मग म्हणाली, "म्हंजे फणसावर टिचकी मारून आत गरे झालेत का बघतो, तसंच की."

"मावशी, हे मला कळायला सहा वर्षं लागली," निकेत म्हणाला, आणि खरंच खूश झाला. तो खूश झाला म्हणून ही खूश झाली. पुढं आठ दिवस येईल-जाईल त्याला ती जपानची लाट सांगत होती. बायजा म्हणाली, "ग पुतळे, जपानचं र्‍हाऊदे, तुझ्या चुलीवरचं कालवण उतू चाललंय ते बघ." सगळ्या हसल्या. पुतळाबाईही हसली.

पावसाळ्यात यंत्र नुसतं समुद्राची थडथड ऐकत राहतं, असं निकेत सांगायचा. किनारा एवढा लांब, तरी पालीच्या मातीत ती पोचते. पाऊस सरला, भातं कापून झाली आणि नोव्हेंबरात एके दिवशी सकाळीच त्याचा फोन आला. "मावशी, आज दुपारी पोरांना अंगणवाडीत ठेवू नका. बाहेर आंब्याखाली बसवा. आणि वही जवळ ठेवा."

तिनं तसं केलं. पावणेतीनच्या सुमाराला बार उडाला तो असा की पायाखालची जमीन सरकल्यासारखी झाली. अंगणवाडीच्या कौलांतली दोन खाली आली. पोरं बाहेर होती म्हणून वाचली. पुतळाबाईनं आधी वेळ लिहिली. दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटं बारा सेकंद.

असे फोन सहा वेळा आले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सहा फोन, सहा मोठे बार. तिसऱ्या खेपेला तिनं विचारलंच, "तुला रे कसं आधी कळतं?" तो म्हणाला, "आमचं कामच आहे ते, मावशी." पुतळाबाईनं त्यातून आपल्याला हवं ते घेतलं. यंत्राला आधी कळतं, आणि निकेत आपली काळजी करतो. वाडीत तिनं अभिमानानं सांगितलं, "आपल्या यंत्राला बाराचा वास लागतो. म्हणून तर पोरं बाहेर असतात." पदरचं काही खोटं सांगत नव्हती बिचारी. तिला तसंच वाटत होतं.

सहावा बार फेब्रुवारीच्या अखेरीस उडाला आणि विहिरीचा डोंगराकडचा बांध निम्मा आत कोसळला. पहिले दोन दिवस पाणी गढूळ होतं. मग ते उतरायला लागलं. आठव्या दिवशी तळाला दगड-मातीचा ढीग आणि त्याच्या कडेला ओंजळभर चिखल. रामजीबाबा काठावर बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. त्यांना जेवायला बोलवायला गेलेल्या सुनेला ते म्हणाले, "माझ्या बापानं खोदली ग ही." एवढंच.

पण ह्या खेपेला वाडीपाशी पुरावा होता. पुतळाबाई घरोघर फिरली, बावीस घरांच्या सह्या-अंगठे घेतले. अर्जात लिहिलं की सहा मोठ्या बारांच्या तारखा-वेळा आमच्या वहीत आहेत आणि हादऱ्यांची नोंद यंत्रात आहे. क्वारी बंद करा, विहीर बांधून द्या. निकेतला तिनं फोन केला. तो जरा अडखळला. नोंदी बाहेर द्यायला वरिष्ठांची परवानगी लागते, म्हणाला. मग आठवड्यानं त्याचाच फोन आला, "मावशी, आमच्या संस्थेचं पत्र कचेरीत पोचलंय. काळजी करू नका." मधे एकदा येऊन त्यानं वहीच्या पानांचे फोटो काढून नेले होते, तेही ह्यासाठीच असणार, असा तिनं हिशेब बांधला.

एप्रिलात तालुक्याच्या कचेरीत सुनावणी लागली. पुतळाबाई, बायजा, रामजीबाबा आणि वाडीतली दहा-बारा माणसं. पुतळाबाईनं पांढरी साडी नेसली होती, जयंतीला नेसते ती. समोर कमलेशशेठ आणि त्याचा वकील. तहसीलदार साहेबांनी अर्ज वाचला, वकिलाकडं पाहिलं. वकील काही बोलायच्या आत पुतळाबाई उभी राहिली. "साहेब, आधी संस्थेचं पत्र वाचा. शास्त्रज्ञांचं हाय. त्यात सगळं हाय."

साहेबांनी फायलीतून पत्र काढलं आणि मोठ्यानं वाचलं.

पत्रात सगळंच होतं. ह्या पट्ट्यात पुरेसे भूकंप होत नाहीत. कोकणाखालच्या कवचाची रचना पाहायची तर ठरावीक जागी, ठरावीक वेळी जोरदार हादरा हवा. म्हणून आमच्या विनंतीवरून क्वारीचालकांनी रीतसर परवानगी घेऊन सहा वेळा नेहमीपेक्षा मोठे सुरुंग उडवले. त्यांच्या लाटा दहाही केंद्रांवर उत्तम नोंदल्या गेल्या. सुरुंगाचा नेमका क्षण टिपण्यासाठी क्वारीलगत अकरावं केंद्र ठेवलं होतं. क्वारीचालकांचे आभार. स्थानिक सहकारी श्रीमती पुतळाबाई तांबे यांनी प्रत्येक सुरुंगाची वेळ नोंदवली. ग्रामस्थांचं पूर्ण सहकार्य मिळालं. सोबत वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या आहेत.

साहेबांनी ती पानं तिच्यापुढं धरली. "हे अक्षर तुमचं?"

निळी शाई झेरॉक्समधे काळी झाली होती, पण रकाने तेच, पट्टीनं आखलेले. "व्हय साहेब," पुतळाबाई म्हणाली. "माझंच."

"मग तक्रार कसली करता? तुम्ही तर यात सामील होता. विहिरीचं म्हणाल, तर उन्हाळ्यात पाणी कुठंही उतरतं. ती बारामुळंच गेली असं इथं कुठं लिहिलेलं नाही."

फणसावर टिचकी मारायला कुणाचं तरी बोट लागतं, हे एवढ्या महिन्यांत तिच्या डोक्यात आलं नव्हतं. ते बोट कमलेशशेठचं होतं, मारायला सांगणारा निकेत होता, आणि टिचकी बसायची ती वाडीवर. आणि ही, आपल्या घरचं बिरडं खाऊन गेलेल्या माणसासाठी, त्या टिचक्यांच्या वेळा सेकंदासकट लिहीत बसली होती. संताप आला तो आधी स्वतःचाच आला. लिहिता येतं ह्याचा तिला आयुष्यभर तोरा होता.

परतीच्या रिक्षात बायजानं तोंड उघडलं. "पुतळे, तुला ठाव व्हतं?"

"न्हाय ग. शपथ."

"मग बार उडायच्या आधी पोरांना भायेर कशी काढायचीस? सहाच्या सहा येळा?"

पुतळाबाईनं सांगितलं. फोन यायचा, मला वाटलं यंत्राला कळतं. सांगताना तिला स्वतःलाच ते ऐकू येत होतं, आणि ऐकायला ते किती बनावट वाटतंय हेही कळत होतं. रामजीबाबा बाहेर बघत बसले होते. पालीचा बाजार गेला, अंबा नदीचा पूल गेला, तरी त्यांनी मान वळवली नाही.

निकेत पंधरा दिवसांनी यंत्र काढायला आला. ती ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. उठली नाही, पाणी विचारलं नाही. तो चपला काढून जवळ येऊन बसला, तशी ती थोडी सरकली.

"मावशी, मी खोटं काही बोललो नाही," तो म्हणाला.

"न्हाय बोललास. खरंही न्हाय बोललास."

"परवानगी होती. हादरे नियमात बसत होते. विहिरीला काही होईल असं मला खरंच वाटलं नव्हतं. आणि त्या सहा बारांमुळं पस्तीस-चाळीस किलोमीटर खालपर्यंत दिसलं, मावशी. ह्या पट्ट्यात एवढं स्वच्छ कुणाला दिसलं नव्हतं."

"विहीर तीस फूट हाय. ती न्हाय दिसली?"

निकेतनं चष्मा काढला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं, आणि ह्याचाच तिला जास्त राग आला. खोटा असता तर हाकलून मोकळी झाली असती. तिनं सूप खाली ठेवलं. "पोरांना भायेर काढा म्हणून फोन करायचास. म्हंजे भ्या वाटत व्हतं तुला. मग मला का न्हाय सांगितलंस? एकदा नुसतं इचारायचं तरी."

निकेत म्हणाला, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"व्हय," ती म्हणाली. "न्हाय म्हटलं असतं."

तो उठायला लागला तेव्हा तिनं त्याला एक गोष्ट मागितली. आज संध्याकाळी विहारात ये, आणि पुतळाबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं, एवढं आपल्या तोंडानं चार माणसांत सांग. तो म्हणाला, येतो. यंत्र जीपमधे चढवलं, खड्डा बुजवला, पालीला जाऊन एक काम उरकतो आणि सहाला परत येतो, म्हणाला. पुतळाबाईनं स्वतः घरोघर निरोप दिला. सहाला विहारात माणसं जमली, रामजीबाबाही काठी टेकत आले. साडेसात वाजले. निकेतचा फोन लागत नव्हता. आठला एकेक माणूस उठून गेलं. भांडण नाही, शिवी नाही, नुसते उठून गेले.

मे महिन्यात वाडीत टँकर सुरू झाला. दिवसाआड, सकाळी अकराच्या सुमाराला. टँकर दिसला की काय रण माजायचं ते विचारू नका. हंडे, कळश्या, ड्रम, एकमेकींना कोपरं मारणं, आईबापांचा उद्धार करणं. सख्ख्या बहिणी तिथं एकमेकींच्या झिंज्या धरायच्या आणि घरी जाऊन चहा एकत्र प्यायच्या. बायजा तर सगळ्यांच्या पुढं, पाइपाचं तोंड हातात धरून उभी.

पुतळाबाई पहिले तीन टँकर गेलीच नाही. प्रांजलीनं पनवेलहून पाण्याचे कॅन पाठवले होते, त्यावर भागवलं. चौथ्या खेपेला ती दोन हंडे घेऊन निघाली. तिनं मनाची तयारी केली होती. बायजा हंडा लाथाडेल, कुणी तोंडावर बोलेल, तुझ्यामुळं ही पाळी आली म्हणेल. म्हणूदे. तिला ते हवंच होतं. शिव्या खाऊन, ढकलाढकली करून, आपणही दोन शब्द सुनावून रांगेत घुसायचं, म्हणजे मग उद्यापासून सगळं पूर्वीसारखं.

ती टँकरपाशी पोचली आणि गलका थांबला. बाया दोन्हीकडं सरकल्या. हंडे पायांनी बाजूला घेऊन त्यांनी तिला पाइपापर्यंत वाट करून दिली, कचेरीतून कुणी बाई पाहणीला आली म्हणजे देतात तशी.

बायजानं पाइपाचं तोंड तिच्या हंड्यात धरलं. "भरा मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही आधी भरा."